पोळ्याचे दोनशे रुपये

पुणे,
पाडव्याच्या आधीचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर पैशापाण्याचं काढलं की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, आई मागून "जेवली काय" विचारते आणि विषय तिथंच मरतो. म्हणून लिहिते आहे. आई, बाबांना वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

२०२३ च्या दिवाळीत मी दहा हजार कमी पाठवले होते. कंपनीनं बोनस लांबवला असं सांगितलं. ते खोटं होतं. ते पैसे मी पत्त्यांत घातले.

मोबाइलवरचा पोकर. प्रत्येकाच्या हातात दोन झाकले पत्ते, मध्ये पाच उघडे, आणि बोली तीन पत्तीसारखीच वाढत जाते. ऑफिसातल्या पोरांनी शिकवला, २०२२ मध्ये. हिशोबाचा खेळ आहे आणि हिशोब मला पहिल्यापासून आवडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण जुगार नव्हे, कौशल्य आहे वगैरे मी तुमच्यासमोर म्हणणार नाही. पैसा लावला की घरच्यांसाठी सगळं एकच.

मी सुरुवात नीट केली होती, आणि ती बाबांकडून शिकलेली होती. बाबा, हसू नका. पोळ्याला बैलं तोरणाखालून घरी आली, पुरणपोळ्या झाल्या, की तुम्ही गोठ्यातल्या डावाला जायचे. वर्षातून तेवढा एक दिवस. आई डब्यातून दोनशे रुपये काढून द्यायची आणि म्हणायची, "गेले तं गेले, पण मागायला येजा नोको." मी आठेक वर्षांची असेन, दाराशी उभी राहून बघायची. दोनशे संपले की तुम्ही टोपी झटकून उठायचे. कोणीतरी हमखास म्हणायचं, "बसा ना भाऊ, देतो ना मी हजार." तुम्ही म्हणाले होते, "उधारीच्या पैशावर पत्ता दिसत नाई बापा." शहाणी शहाणी माणसं त्याच सतरंजीवर रात्रभर बसून सकाळी बायकोची पोत गहाण टाकायला निघालेली मी पाहिली आहेत.

पोकर खेळणारे ह्यालाच 'बँकरोल' म्हणतात. खेळायचा पैसा घरच्या पैशापासून वेगळा, आणि तो सगळा गेला तरी भाडं, किराणा, तुम्हाला पाठवायचे पैसे यांना धक्का लागता कामा नये. मी चाळीस हजार वेगळे काढले. ज्या टेबलावर एका बैठकीला हजार रुपये घेऊन बसतात, तिथं बसले. म्हणजे चाळीस बैठकी हातात. एवढ्या कशाला, तर चांगला खेळणाराही ओळीनं दहा-पंधरा बैठकी हरू शकतो. दोन-तीन बैठकींच्या पैशावर बसलेला माणूस कितीही हुशार असो, नशीब फिरायच्या आधीच रिकामा होतो. पैसा पंचवीस हजारांच्या खाली आला तर पाचशेच्या टेबलावर उतरायचं, एका दिवसात तीन बैठकी गेल्या की फोन बंद, हे वहीत लिहून ठेवलं होतं. वर्षभर पाळलंही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली रात्र. माझ्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे. असा डाव शंभरदा पडला तर साधारण ब्याऐंशीदा एक्केवाला जिंकतो. उरलेला माझ्या वाट्याला आला. गेले हजार. त्यात काही वावगं नव्हतं, अडतीसचे सदतीस झाले एवढंच. पण मला राग आला. तो कोणावर, हे आजही सांगता येत नाही. एका झटक्यात भरून काढू म्हणून मी पाच हजारांच्या टेबलावर बसले. रात्री दीडपर्यंत तीनदा बसले, तिन्हीदा उठले ती हात हलवत. बावीस हजार उरले. तेव्हा मी तुमच्यासाठी बाजूला काढलेले दहा हजार भरले, आणि त्यातले पाचही गेले. आई, त्या वेळी मला पत्ते दिसतच नव्हते. बाबांचं वाक्य मला तेव्हा कळलं.

सकाळी वही काढली आणि पाचशेच्या टेबलावर उतरले. लाज वाटली, पण उतरले. पुन्हा चाळीस व्हायला चौदा महिने लागले. घरचा पैसा त्यानंतर एकदाही भरला नाही.

२०२५ च्या पोळ्याच्या दिवशीच, २२ ऑगस्टला, ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसा लावायचा असेल तर बंद. मी खात्यातले सगळे काढून घेतले. कर जाऊन एकाहत्तर हजार. घातले होते पन्नास, म्हणजे तीन वर्षांची कमाई एकवीस हजार. जिंकलेल्यावर ३० टक्के सरकारचे, आणि गोठ्यात डाव बसवणारा नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो तसा कंपनीचा नाल प्रत्येक डावात. वहीतले तास मोजले तर नऊशे भरले. तासाला तेवीस रुपये! निंदायला जाणाऱ्या बायाही एवढ्या रोजीवर येणार नाहीत.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आई सांगत होती, बाबा पाडव्यापासून शेजारचे चार एकर मक्त्यानं घेणार, आणि पैसे शेकडा तीन रुपयांनी उचलणार. बाबा, पत्त्यांत दोनशेच्या वर एक रुपया न लावणारा माणूस कपाशीच्या पऱ्हाटीत मात्र अख्खा सातबारा लावतो. २०१७ ला सातही एकर पऱ्हाटी होती आणि बोंडअळीनं काय केलं ते आपण तिघांनी पाहिलं. मला कळतं, गोठ्यातून उठून घरी येता येतं, वावरातून उठून कुठं जाणार. पेरल्याशिवाय राहता येत नाही, आणि पाऊस आपल्या हातात नाही. पण महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. पीक चांगलं आलं तरी आधी ते छत्तीस निघायला हवेत. हे चार एकर म्हणजे माझं पाच हजारांचं टेबल आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा, वावर तुम्हाला जास्त कळतं.

ह्या वर्षी चार एकर पऱ्हाटी आणि तीन एकर सोयाबीन-तूर केलं तर चालणार नाही काय?

एकाहत्तरमधले दहा हजार तुमच्या दिवाळीचे, ते परत करते आहे. तीस हजार पीक कर्जात भरा, ३१ मार्चच्या आत, नाहीतर व्याजाची सवलत जाते. वीस हजार आईच्या डब्यात. ते दुबार पेरणीचे आहेत. पहिला पाऊस पडून पंधरा दिवस उघडीप झाली तरच काढायचे, आणि आई, बाबांनी मधे मागितले तर पोळ्याला म्हणायचीस तेच म्हण. उरलेले अकरा माझ्याकडे राहू दे. पत्त्यांसाठी नाही, स्कूटीचं काम निघालं आहे.

पैसे सोमवारी खात्यात येतील, पासबुक भरून आणा. रागावला असाल तर रागवा, पण बाबा, फोन तुम्ही करा. आईच्या मागून बोलू नका.

तुमची
बेबी