'पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या वायरिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणत दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडता. त्या दिवशीही तेच केलंत. इथं तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी प्लंबिंगची कामं करतो. माझं अख्खं दुकान व्हॅनमध्ये आहे: पाइप, फिटिंग, डाय, ड्रिल आणि ड्रिलच्या बॅटऱ्या चार्ज करायला मागे एक छोटा इन्व्हर्टर. ही व्हॅन सकाळी उठेनाशी झाली. सेल्फ मारला की घर्र-घर्र करून दम तोडायची. शेजारच्या गाडीला केबल लावायची, सुरू करायची, कामावर जायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तमाशा. ज्याच्या स्वयंपाकघरात पाणी साठलंय त्याला "गाडीची बॅटरी उतरली" हे कारण किती वेळा सांगणार? लोक वाईट बोलत नाहीत, फक्त पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतात.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांची नावं घेत नाही. पण चीड अजून गेलेली नाही, ती थोडी सांडू द्या.

पहिल्या ठिकाणी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला होता: बॅटरी गेली. जुन्या बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून ती किती तग धरते ते बघणं) नाही की टर्मिनलला मीटर नाही. नवी बसवली, आणि तीही उतरायला लागली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र. तोही बदलला. मग मोठ्या रुबाबात मीटरची एक टोचणी अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला आणि दुसरी त्याच्याच अंगाला लावून म्हणाले, "चौदाच्या वर दाखवतोय, झालं काम!" तरी पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा बंद. तेव्हा दोष इन्व्हर्टरवर आला, इन्व्हर्टर काढून झाल्यावर माझ्यावर. "तुम्ही गाडी जवळजवळ फिरवता, लांब चालवत जा." म्हणजे चार्जिंग व्हावं म्हणून मी गिऱ्हाईक लांबची शोधायची! आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागत नाही ना, मग चार्जिंग व्यवस्थितच आहे, हे तर सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

या सगळ्यांना मी एक गोष्ट सांगत होतो. पहाटे, इंजिन अगदी गार असताना, बराच वेळ सेल्फ मारून झाला की क्लचच्या केबलच्या टोकाला हात लावला तर चटका बसायचा. एकदा चुकून हात लागला म्हणून कळलं, नाहीतर तिथं कोण हात लावतो? वर क्लचही हल्ली जड लागत होता. एकानं हसून घेतलं. एक म्हणाला, "क्लचचं नंतर बघू, आधी बॅटरीचं बोला." त्यानंतर मी ते सांगणंच सोडलं होतं. आपण नळ जोडणारी माणसं, इंजिनातलं आपल्याला काय कळतं, असं वाटायला लागलं होतं.

तुमच्याकडे ते बोलता बोलता निघालं. तुम्ही हातात पाना घेऊन वाकला होतात, बॅटरीची क्लॅम्प हलवून बघत होतात. मी असंच, कंटाळून, म्हटलं की क्लचची केबलपण तापते. तुम्ही पाना खाली ठेवलात. सरळ उभे राहिलात. हात पुसलेत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

काका, त्या दोन शब्दांसाठी हे पत्र आहे. बाकीचं काम तुम्ही उत्तम केलंत, त्याचे पैसे मी दिले आणि तुम्ही घेतले, व्यवहार पुरा झाला. पण 'पुन्हा सांगा' याचं बिल नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी नीट. इंजिन गार असताना की गरम असताना, सेल्फ मारताना की गाडी चालताना, टोकाला की मध्ये, असं एकेक विचारत गेलात. माझी उत्तरं कामाची आहेत हे तुमच्या तोंडावरून कळत होतं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच वाटलं की या गाडीबद्दल मलाही काही माहीत आहे.

मग तुम्ही मीटर काढलात, आणि काटेकोर म्हणजे काय ते मी बघितलं. गाडी सुरू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. अल्टरनेटरवर १४.४ व्होल्ट. तिथं काही खोट नाही, म्हणजे आधीच्या माणसानं बघितलं ते खोटं नव्हतं, फक्त त्यानं तिथंच थांबायला नको होतं. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मात्र १३.२. मधले १.२ व्होल्ट गेले कुठं? पॉझिटिव्हची जाड वायर मोजलीत: ०.१, ठीक. मग एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावलीत. तिथं ०.२ च्या आत यायला हवं होतं, आलं १.१. तुम्ही मीटर माझ्याकडे वळवून गप्प राहिलात. बेरीज मीच केली.

दोष होता इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंटला परत जायची वाट देणाऱ्या जाड वायरीत. वरून धडधाकट, टोकाच्या लगमध्ये (बोल्टला अडकवायच्या धातूच्या कडीत) मात्र आतून हिरवी पडून सडलेली. अल्टरनेटर बिचारा पूर्ण ताकदीनं वीज बनवत होता, पण परतीची वाटच खराब. सेल्फचाही सगळा करंट त्याच वाटेनं परतायचा. ती बंद म्हटल्यावर त्यानं मिळेल ती वाट धरली, आणि ती होती माझी क्लचची केबल. म्हणून ती तापायची, म्हणून तिचं आतलं अस्तर वितळून क्लच जड झाला होता. आणि लाल दिव्याचं तुम्ही एका वाक्यात मिटवलंत: तो दिवा अल्टरनेटर वीज बनवतोय की नाही एवढं सांगतो, ती बॅटरीपर्यंत पोचते की नाही हे त्याला ठाऊक नसतं.

पट्टी काढायच्या आधी तुम्ही एक जंपर केबल घेऊन एक टोक इंजिनला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलंत. बॅटरीवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर १४ च्या वर चढला. "पटलं? आता खोलू?" असं विचारलंत. मी नाही म्हटलं असतं तर खरंच थांबला असतात, असं मला वाटतं. माझ्याच गाडीला हात लावायला माझी परवानगी कुणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

मी रागारागात आधीच्या लोकांबद्दल बोलायला लागलो तेव्हा तुम्ही साथ दिली नाहीत. फक्त विचारलंत, "टाकी भरत नसेल तर तुम्ही आधी टाकी बदलता का?" मी म्हटलं, आधी बघतो पाणी कुठं अडतंय. "मग झालं तर," म्हणालात आणि कामाला लागलात. त्यांच्यावर केलेली तुमची सगळी टीका एवढीच, आणि तीही माझ्याच धंद्याच्या भाषेत. माझा राग निम्मा तिथंच उतरला. (निम्माच. वर वाचलंत ना.)

आणि बॅटरी तुम्ही विकली नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. नवी घ्या म्हटलं असतंत तर त्या क्षणी मी घेतली असती, इतका पिकलो होतो. तुम्ही म्हणालात, वारंवार उतरून या बॅटरीनं मार खाल्लाय, पण लगेच फेकू नका. एवढी उतरलेली बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नव्हे, त्यानं तोच थकेल. चार्जरवर रात्रभर सावकाश चार्ज करू, गाडी काही तास उभी राहू दे आणि मग मोजू. मोजली तेव्हा १२.६ भरली. लोड टेस्टही पास झाली. मग मी विचारायच्या आधीच, इन्व्हर्टर परत जोडून, गाडी बंद ठेवून झिरपणारा करंट बघितलात. तो ५० मिलिअँपिअरच्याही खालीच निघाला. बिनकामाचा बदनाम झालेला माझा इन्व्हर्टर तेव्हा निर्दोष सुटला.

हुशार कारागीर पुष्कळ असतात, माझ्या धंद्यातही आहेत. पण समोरचा माणूस रोज ती वस्तू वापरतो, तिचे आवाज, वास, नखरे त्याला ठाऊक असतात, याची कदर करणारा कारागीर विरळा. डॉक्टर असो, मास्तर असो की ऑफिसातला बाबू, आपलं अर्धं ऐकून सही करून मोकळा होतो. उरलेलं अर्धं ऐकायला मिनिटभर लागतं. मीही हल्ली गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर "गळतंय कुठं ते दाखवा" म्हणायच्या आधी "कधीपासून, आणि केव्हा जास्त?" असं विचारायला लागलोय. परवा एका आजींनी सांगितलं, वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ केली की त्यानंतरच भिंत ओली होते. भिंत न फोडता काम झालं. त्यातला अर्धा वाटा तुमचा.

व्हॅन आता पहिल्या सेल्फला उठते. क्लचची केबल तुम्ही बदलायला सांगितली होती, ती आणून ठेवलीय. या आठवड्यात येतो. आणि एक. तुमच्या गॅरेजमधला हात धुवायचा नळ बंद केला तरी टिपकतो, मी त्या दिवशीच बघून ठेवलंय. येताना वॉशर आणि स्पिंडल घेऊनच येतोय. पैशाचं नाव काढायचं नाही, आणि "अहो, त्यात काय" हे या वेळी मी म्हणणार आहे.

तुमचा,
पांढऱ्या व्हॅनवाला प्लंबर