सिस्टर, तुम्ही आईला नाव विचारलंत म्हणून

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुमची परवानगी विचारायची राहून गेली. पण बेळगावच्या त्या बायकांच्या वॉर्डात संध्याकाळच्या ड्युटीवर तुमच्यावर आवाज चढवणारा खानापूरकडचा माणूस तुम्हाला आठवत असेल. तो मीच. आधी त्याची माफी मागतो, मग आभार मानतो. भाताची मळणी आटोपली, आता कुठे बसून लिहायला सवड झाली.

आईचं वय एकाहत्तर. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ती वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेत होती. त्यानं जठरात जखम झाली. शौचास काळं होत होतं, ते तिनं लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. चुलीपुढे चक्कर येऊन पडली तेव्हा खानापूरच्या डॉक्टरांनी पापणी ओढून बघितली आणि तसंच बेळगावला धाडलं. हिमोग्लोबिन ५.६. मोठ्या डॉक्टरांनी तांबड्या पेशींच्या दोन पिशव्या सांगितल्या. पहिली देऊन बघायची, मगच दुसरी. एका पिशवीनं साधारण एक ग्रॅम हिमोग्लोबिन वाढतं, हेही मला तिथंच कळलं.

माझा राग पहिल्या तासापासूनच सुरू झाला. तुम्ही आईचं रक्त तपासणीला काढलंत आणि नळीवरचं नाव तिथंच, तिच्या खाटेशी उभं राहून लिहिलंत. टेबलावर चार नळ्या रांगेत मांडून एकदम नावं लिहिली असती तर लवकर झालं असतं, असं मला वाटलं. मग संमतीचा कागद आला. छापील मजकूर कन्नड आणि इंग्रजीत. आई अंगठा उठवायला तयारच होती, पण तुम्ही तिचा हात धरून थांबवलात आणि तुमच्या बैलहोंगलकडच्या मराठीत सगळं वाचून सांगितलंत: रक्त कशासाठी, काय होऊ शकतं, काय वाटलं तर लगेच बोलायचं. आमच्या सीमाभागात भाषेवरून किती बोललं जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. तो कागद मराठीत कुणी मला समजावला असेल तर तो एका कन्नड मुलीनं.

त्यानंतर मी म्हटलं, "रक्त घेऊन येतो, ब्लड बँकेची चिठ्ठी द्या." तुम्ही म्हणालात, "आता नको. आधी सुई नीट लागू दे, ताप, नाडी, बीपी बघू दे, मग जावा." आईच्या हाताची शीर सापडेना. अर्धा तास गेला. मेहुण्यानं बदली रक्तदान केलेलं, पिशवी खाली तयार, आणि इथं पेशंट पांढरीफटक पडलेली. मी ओरडलो, "काय ओ सिस्टर, आणून फ्रीजमध्ये ठेवायला काय होतंय?" तुम्ही उलट आवाज चढवला नाहीत. वॉर्डचा फ्रीज औषधांचा आहे, रक्ताला २ ते ६ अंशच लागतात, आणि ब्लड बँकेतून निघालेली पिशवी अर्ध्या तासात सुरू करायची असते, एवढंच सांगितलंत. शीर मिळेपर्यंत ती थर्मोकोलच्या डब्यात माझ्या मांडीवर पडून राहिली असती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. पिशवी आणल्यावरही, ती थंडगार लागली म्हणून मी गरम पाण्यात बुडवू का विचारलं. उष्णतेनं पेशी फुटतात, असं सांगून तुम्ही माझ्या हातातून डबाच काढून घेतलात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

त्याच वॉर्डात, दोन खाटा सोडून, आईच्याच नावाची आणि आडनावाची बाई होती, हुक्केरीकडची. आमच्या भागात एकेका गल्लीत एकाच नावाआडनावाच्या तीन बाया सापडतात, त्यात नवल नाही. आदल्या दिवशी त्यांच्या एक्स-रेची चिठ्ठी आईच्या हातात आली होती आणि आई "होय" म्हणाली होती. आईला कमी ऐकू येतं. पांढऱ्या कपड्यातलं कुणीही काही विचारलं की ती होयच म्हणते. त्या बाईंनाही त्या संध्याकाळी रक्त द्यायचं होतं. त्यांचा गट बी, आईचा ओ.

तुम्ही आणि दुसऱ्या सिस्टर, दोघी खाटेशी आलात. एकीच्या हातात पिशवी, दुसरीकडे फाइल. तुम्ही "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं नाहीत. "अज्जी, तुमचं पूर्ण नाव तुम्ही सांगा," म्हणालात. आईनं आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मधलं गिळलं. पन्नास वर्षांत तिनं बाबांचं नाव उच्चारलेलं नाही. मी म्हटलं, "मी सांगतो की." तुम्ही हातानंच मला थांबवलंत. खाटेचा नंबरही मी सांगून बघितला. तुम्ही म्हणालात, "खाट बदलते ओ, माणूस बदलत नाही." मनगटावरची पट्टी वाचलीत, तिच्यावरचा नंबर फाइलशी ताडलात, तरी आईच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलात. दोघींची नावं सारखी, वेगळं होतं ते फक्त नवऱ्याचं नाव. आईनं पदर तोंडाशी धरला, इकडे तिकडे बघितलं आणि उखाणा घेतला: "मलप्रभेच्या पाण्यानं भात आलं पोटरीला, …रावांचं नाव घेते सिस्टरच्या ड्युटीला." अख्खा वॉर्ड हसला. तुम्हीही हसलात, पण हसता हसता बोट फाइलवरच्या त्या नावावर ठेवलेलं मी बघितलं. मग गट, पिशवीचा नंबर, क्रॉसमॅचचा म्हणजे पिशवीतलं रक्त आईच्या रक्ताशी जुळतं का ते तपासल्याचा कागद, मुदतीची तारीख, एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं बघायचं. पिशवी उजेडाकडे धरून रंग बघितलात, गुठळी नाही ना तेही. मगच सगळं टांगलंत.

घरी आल्यावर मुलीचं विज्ञानाचं पुस्तक काढून वाचलं. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्ताचे गट दाखवून दिले. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं जन्मल्यानंतर काही महिन्यांतच तयार होतात, कधी दुसऱ्याचं रक्त घेतलेलं नसलं तरी. बी गटाच्या पेशी आईच्या शिरेत गेल्या असत्या तर त्या तिथल्या तिथे फुटायला लागल्या असत्या, मूत्रपिंडं बंद पडली असती, आणि त्याला फार थोडं रक्तही पुरतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिली पंधरा मिनिटं तुम्ही हलला नाहीत. थेंब अगदी हळू सोडलेले. बोटं आईच्या नाडीवर, नजर तिच्या चेहऱ्यावर, आणि मधूनमधून प्रश्न: थंडी वाजते का, कंबरेत दुखतं का, छातीत भरून येतं का, सुईच्या जागी आग होते का. पलीकडच्या खाटेवरून हाका येत होत्या, तेव्हा तुम्ही दुसऱ्या सिस्टरना पाठवलंत, स्वतः जागा सोडली नाहीत. नंतर थेंब वाढवलेत, दर तासाला बीपी लिहीत राहिलात. वय झालेलं, एकदम भरलं तर फुफ्फुसात पाणी साचेल, म्हणून उशी देऊन अर्धवट बसवलंत. चार तासांच्या आत पिशवी संपली.

दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी. तीच पडताळणी, पुन्हा उखाणा. चाळीसेक मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, "गार वाटाय लागलंय." मी गोधडी उचलली, तुम्ही नळीचा चिमटा बंद केलात. ताप ९८.४ वरून १००.८ वर गेला होता. तुम्ही रक्ताची नळी पूर्ण काढलीत, नवीन नळीनं सलाईन सुरू ठेवलंत, डॉक्टरांना बोलावलंत, आणि नावं-नंबर पुन्हा पहिल्यापासून ताडून बघितलेत. उरलेली पिशवी, ती नळी, आईच्या रक्ताचा नवा नमुना, सगळं ब्लड बँकेकडे परत. लघवीचा रंगही विचारलात. मी वेड्यासारखा म्हणालो, "मेहुण्याचं रक्त वाया चाललंय, हळूहळू जाऊ द्या की." तुमच्या कपाळावर घाम होता. "रक्त परत मिळतंय, अज्जी नाही," एवढंच बोललात.

रिपोर्टात पेशी फुटल्याची खूण नव्हती. पिशवीत उरलेल्या पांढऱ्या पेशींमुळे असा ताप येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या क्षणी तो साधा ताप आहे की मोठ्या संकटाची सुरुवात, हे बघून कुणालाच सांगता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून आधी थांबवायचं. पुढची पिशवी तिसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरनी दिली, तुमच्या तक्त्यावरच्या नोंदी वाचून. त्यांचे आभारही याच पत्रात मानतो.

आई आता बरी आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघ्याच्या त्या गोळ्या मी स्वतः चुलीत टाकल्या. परवा अंगणात शेजारणींना बसवून "सिस्टरनं मला मालकांचं नाव घ्यायला लावलं" ही गोष्ट सांगत होती. बाबा गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते, पुढे आले नाहीत.

पुढच्या महिन्यात दाखवायला आणायचं आहे. हातावरची पट्टी तिनं घरी येईपर्यंत कापू दिली नव्हती, ती देवघरात ठेवली आहे. ती घेऊन येईल ती. नव्या तांदळाची एक पिशवीही आणेल. तुम्ही नको म्हणाल हे माहीत आहे, पण ते तुम्ही तिलाच सांगा.

सहीखाली ओळख पटावी म्हणून खाटेचा नंबर लिहिणार होतो. लिहिला आणि खोडला.

आपला,
उखाणा घेणाऱ्या अज्जींचा मुलगा
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव