ठाणे खाडीतल्या बोटवाल्यांचे आभार

ऐरोलीहून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोट नेणाऱ्या आणि चढताना लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून देणाऱ्या, नावही माहीत नसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. इथे फ्लेमिंगो दिसतात ते तुमच्या भरती-ओहोटीच्या हिशेबामुळे. पूर्ण ओहोटीला बोट गाळात रुतते. पूर्ण भरतीला चिखलाचे पट्टे बुडतात आणि थवे नवी मुंबईच्या पाणथळींकडे उडून जातात. मधली योग्य वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. थव्यापासून लांबच तुम्ही इंजिन बंद करता, हे फार मोलाचं. पक्षी बिचकून उडाले की त्यांचं चरणं थांबतं, ताकद वाया जाते. फोटोसाठी कुणी कितीही आग्रह केला तरी बोट आणखी पुढे न नेल्याबद्दल तर विशेष आभार.