पहिला बिल्ड होईपर्यंत सोबत बसा

महोदय,

‘विद्यार्थ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावावा’ हे वाक्य हल्ली अभियांत्रिकीच्या प्रत्येक समारंभात ऐकू येते. मुले भारावून घरी जातात, लॅपटॉप उघडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. मधल्या रात्री काय घडते ते मला चांगले ठाऊक आहे. तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली. आता रविवारी चार-पाच मुले आमच्या घरी येतात आणि आम्ही लिबरऑफिस हे मुक्त, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो असे, ऑफिस सॉफ्टवेअर त्याच्या मूळ कोडपासून बिल्ड करतो, म्हणजे त्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करतो.

लिबरऑफिसच का, तर मुलांना ते वापरून माहीत असते. ते 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले, पण मुळे स्टारऑफिस या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कोडमधल्या जुन्या जर्मन टिपा इंग्रजीत आणणे हे तिथे बरीच वर्षे नवख्यांना दिले जाणारे काम होते. रायटर या त्यातल्या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरचे नाव अजूनही ‘एसडब्ल्यू’, म्हणजे स्टाररायटर, आहे. मुलांना ही वंशावळ फार आवडते.

अडते ते प्रोग्रॅमिंगच्या आधीच. कराडजवळच्या उंब्रजहून येणाऱ्या एका मुलीने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गिट क्लोन, म्हणजे सगळा कोड नेटवरून उतरवून घेण्याचे काम, लावले. आजवरच्या बदलांचा सगळा इतिहास धरून ते एक जीबीच्या वर जाते. दिवसाचा डेटा मध्येच संपला, आणि अर्धवट राहिलेले क्लोन पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून करावे लागते. तिने तीन दिवस तीन वेळा केले! ‘डेप्थ 1’ लिहिले तर फक्त ताजी प्रत उतरते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी गिट बंडल करून सगळे एका फाइलीत बांधले आणि पेनड्राइव्हवर दिले. त्यानंतर तिला नेटवरून फक्त नवे बदल आणायचे होते.

मग बिल्डला लागणारी पॅकेजेस, म्हणजे इतर तयार सॉफ्टवेअर. उबुंटू या लिनक्स प्रणालीत ती उतरवणारी ‘बिल्ड-डेप’ची आज्ञा दिली की ‘डेब-एसआरसी’ (मूळ कोडच्या साठ्याचा पत्ता) नाही म्हणून ती अडून बसते. सेटिंगमध्ये ‘सोर्स कोड’समोर एक टिकमार्क करायचा, एवढेच. पण ते माहीत नसलेला मुलगा दोन संध्याकाळी घालवतो आणि आपल्यालाच अक्कल नाही असे समजतो.

या मुलीच्या लॅपटॉपला चार जीबी रॅम. प्रोसेसरला जेवढे कोअर तेवढी कामे बिल्ड एकदम काढते, आणि मेमरी संपली की लिनक्स कंपायलरलाच, म्हणजे कोडचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमलाच, मारून टाकते. मला व्हॉट्सअॅपवर फोटो आला: ‘मेक: एरर 2’ (मेक म्हणजे बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम). खाली, “बाई, एरर टू म्हणजे काय हो?” एरर टू म्हणजे काहीच नाही, खरी तक्रार वर कुठेतरी असते. शंभरेक ओळी मागे गेल्यावर ‘किल्ड’ हा शब्द सापडला. (तिला वाटले व्हायरस आला.) एका वेळी दोनच कामे असा आकडा घालून दिला आणि रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायला सांगितले. वर पंखा लावून ठेव म्हटले.

पहाटे लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. ‘मेक’चे एक बरे, ते जिथे थांबले तिथून पुढे जाते. पण या वेळी ‘फाइल ट्रंकेटेड’ (फाइल अर्धवट) म्हणून हटून बसले. वीज जाताना एक ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपायलरने तयार केलेला एक तुकडा, अर्धीच लिहिली गेली होती, आणि तारीख नवी असल्याने ‘मेक’ला ती झालेली वाटत होती. तेवढी एक फाइल उडवली, गाडी पुढे निघाली. संध्याकाळी तिने अबाउटच्या खिडकीत ‘उंब्रज’ असे लिहिले, तेवढाच भाग पुन्हा बिल्ड केला आणि रायटर उघडून आईला दाखवला.

हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात 2020 मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टसाठी रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहिती देणाऱ्या, फाइलींत फुटकळ शब्द घुसडण्याची लाट आली आणि जगभरचे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, वैतागले. त्यांचा राग रास्त होता. पण रीडमीत शब्द घालायला बिल्ड लागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. बिल्ड न जमलेल्या मुलाच्या हाती दुसरे उरतेच काय? याच मुलीने अडलेल्या चारही जागा वहीत टिपून ठेवल्या आहेत. रीडमीत भर घालायचीच तर ती अशी असावी.

एका महाविद्यालयाला मी विनंती केली होती की, शनिवारी रात्री प्रयोगशाळेतले एकच यंत्र चालू राहू द्या आणि कोडची एक प्रत सर्व्हरवर ठेवा. ‘पाचला कुलूप लागते’ असे उत्तर आले. त्याच महाविद्यालयात पुढच्या महिन्यात मुक्त सॉफ्टवेअरवर एक दिवसाची कार्यशाळा झाली, प्रमाणपत्रांसह.

कराड परिसरातल्या कोणत्याही महाविद्यालयाने अशी एक रात्र दिली, तर पेनड्राइव्ह घेऊन मी येईन आणि सकाळपर्यंत बसेन. चहाचा थर्मास माझा.

— निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कराड