गायरानाचा जुना कागद वाचून दाखवणाऱ्या भाऊसाहेबांस

आदरणीय भाऊसाहेब,

सविनय नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये, ही आपली अट पाळून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. तलाठी या पदाला शासनाने २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आणि आपण त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झालात. पण बालाघाटावरच्या गावांत तलाठ्याला आजही भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे या संबोधनावरून आपली ओळख पटण्याची भीती नाही. गावाच्या दक्षिणेचा माळ गायरान म्हणूनच राहिला, अभिलेखातील त्याची नोंद दुरुस्त झाली आणि सौर प्रकल्प वीज उपकेंद्राजवळच्या मुरमाड सरकारी जमिनीवर गेला, हे आपणास फोनवरून कळवलेच होते. ते कसे घडले आणि त्यात आपला वाटा कोणता, हे इतर गावांनाही वाचता यावे, असे आमच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला वाटले, म्हणून हे लेखन.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याखाली, म्हणजे २०२३ नंतर, कृषी वाहिन्यांसाठी, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या तारांसाठी, सरकारी जमिनींचा शोध सुरू झाला आणि त्यात आमच्या माळाचा गट आला. रात्री-अपरात्री मोटार चालू करण्यासाठी विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच असते, त्यामुळे प्रकल्पाला नाही म्हणायला गावातील कोणीही तयार नव्हते, आणि ते योग्यच होते. अडचण एवढीच होती की संगणकीकृत सातबाऱ्यावर या गटाला भोगवटादार म्हणून फक्त महाराष्ट्र शासन लागले होते. गायरान किंवा चराई यांचा उल्लेख कोठेच नव्हता. कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती मोकळी जमीन होती आणि कागदावर विसंबून त्याने तसे म्हटले, तर त्यात त्याचाही फारसा दोष नव्हता.

आपण मात्र पहिल्याच भेटीत सातबारा बाजूला ठेवलात आणि १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक व त्याआधीची सेतवार या जुन्या जमीन-नोंदींच्या नकला मागवण्यास सांगितलेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथील जमिनी त्यानंतरही बराच काळ १३१७ फसलीच्या (फसली ही महसुली कालगणना) हैदराबाद जमीन महसूल कायद्याखाली चालत होत्या, ही गोष्ट आमच्या पिढीला केवळ ऐकून माहीत होती. जुना उर्दू शेरा समोर ठेवून तो अक्षर अक्षर लावणारे माणूस आम्ही प्रथमच पाहिले. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हा हिशेब आता आमच्या समितीतील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ आहे. त्या नकलांमध्ये आमचा माळ गुरांच्या चराईसाठी राखलेला असल्याची नोंद स्वच्छ होती. पुढे कधीतरी अभिलेख एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत उतरवताना ती गळाली, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ नुसार लेखनप्रमादाची दुरुस्ती मागता येते, हेही आपणच सांगितलेत. अर्जाचा मसुदा आपण एका पानात बसवलात. आमच्या मूळ अर्जातील निसर्गवर्णनाचे सगळे परिच्छेद त्यात वगळले गेले होते, याचे थोडे वाईट वाटले, हे येथे लिहून ठेवतो. परंतु तहसील कार्यालयात तो अर्ज वाचला गेला, हे त्याहून महत्त्वाचे.

गायरान असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याच संहितेचे कलम २२अ लागू झाले. दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल, तेव्हाच सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरान वळवता येते, असा त्या कलमाचा आशय आहे, आणि आपला सगळा भर ‘उपलब्ध नसेल तेव्हाच’ या अटीवर होता. ग्रामसभेने ठरावात नुसता विरोध नोंदवू नये, तर पर्यायी जमिनीचा गट क्रमांक, तिचे उपकेंद्रापासूनचे अंतर आणि तिच्यावर आज काहीच उगवत नसल्याचा पंचनामा जोडावा, असे आपण सुचवलेत. तो पर्याय समोर आल्यावर बोलणीच बदलली. प्रकल्पवाल्यांनाही उपकेंद्राजवळची जागा तारा ओढण्याच्या दृष्टीने सोयीची होती. ती त्यांना कोणी दाखवलेली नव्हती, इतकेच.

ठरावाची वेळ साधण्याचे श्रेयही आपलेच. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि अर्धे गाव उसाच्या फडात असते; मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि गुरे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि हिवाळ्यात आमच्याकडे तेवढी माणसे गोळा होणे कठीण. म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा चुकवू नका, आणि तिच्या आधीची महिला सभा कागदोपत्री न उरकता खरोखर भरवा, असा आपला आग्रह होता. त्या महिला सभेत जे बोलले गेले, ते आम्हा पुरुषांना कधी सुचले नसते. उस्मानाबादी शेळीच्या दोन वेतांवर ज्या घराचे वर्षाचे वाण-सामान चालते, त्या घराला माळ गेल्यास कडबा विकत घ्यावा लागेल आणि कडब्यासाठी मुकादमाकडून जास्तीची उचल (आगाऊ रक्कम) घ्यावी लागेल, हा हिशेब एका आजींनी उभ्याने मांडला. ठरावाच्या इतिवृत्तात तो त्यांच्याच शब्दांत आला आहे.

आता ज्या एका गोष्टीसाठी आपले आभार सर्वांत आधी मानायला हवे होते, तिच्याकडे येतो. माळाच्या पूर्वेकडील उतारावर वस्तीतील काही भूमिहीन कुटुंबे १९९० च्या पुष्कळ आधीपासून जमीन कसत आहेत. गायरान वाचवण्याची भाषा सुरू होताच, हा कागद घेऊन आधी त्यांना उठवू, असे गावातील काही जण उघडपणे म्हणू लागले. ती बैठक आपल्या ओसरीवर झाली होती. आपण शांतपणे म्हणालात की या कागदाचा उपयोग त्या कुटुंबांविरुद्ध करायचा असेल, तर पुन्हा या ओसरीवर येऊ नका. मग आपण १९५३ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाविषयी बोललात, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय काढून दाखवलात, आणि गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा जो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात दिला, त्यातही शासनाच्या आदेशाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद म्हणून विचार आहे, हे वाचून दाखवलेत. निकालाचा अर्धाच भाग सांगत फिरणारे पुष्कळ भेटतात. आपण दुसरा अर्धाही सांगितलात, म्हणून वस्तीतील माणसे ग्रामसभेत आमच्या शेजारी बसली. ती आली नसती तर ठराव कदाचित मंजूर झाला असता, पण तो साऱ्या गावाचा म्हणवून घेण्याचा अधिकार आम्हाला राहिला नसता.

गावातील तरुणांची मागणी वेगळी होती. माळावर काळविटांचा कळप आहे, ओघळीच्या दरडीत लांडग्याची वीण होते, खोकड आहे, तेव्हा अभयारण्यच मागावे, असे त्यांचे म्हणणे होते. लांडगा आणि काळवीट दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे ती मागणी अगदीच अवाजवी नव्हती. आपण त्यांना शेजारच्या सोलापूर-नगरच्या माळढोक अभयारण्याची हकिकत ऐकवलीत. १९७९ मध्ये ते घोषित झाले, तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरच्या त्या रेषेत लोकांची शेते आणि गावेही आली. खरेदी-विक्रीपासून विहिरीपर्यंत प्रत्येक गोष्ट अडू लागली, माणसे पक्ष्यावर चिडली, पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले, आणि तोवर माळढोक दिसेनासा होत चालला होता. गायरान गायरान राहिले तर गुरेही चरतील आणि काळवीटही, असे आपले साधे म्हणणे होते. मला ते पटले. सर्वांनाच पटले असे नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही.

अभयारण्याऐवजी आपण जैवविविधता अधिनियम, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती-प्राण्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची वही, पुरी करण्यास सांगितलेत. आमच्या समितीची ती वही अनेक वर्षे कपाटात कोरी पडली होती. ती भरताना मेंढपाळांनी सांगितलेली माहिती आम्ही लिहून घेतली: पवना आणि मारवेल कोठे टिकून आहे आणि जास्त चराई झाल्यावर कुसळी कोठे माजते, पखुर्डी कोणत्या पाणवठ्यावर उतरतात, धाविक पक्षी उघड्या खडीवरच अंडी कशी घालतो, तणमोर पूर्वी कोणत्या महिन्यात दिसत असे. लांडग्याविषयी मेंढपाळ ज्या तटस्थपणे बोलतात, ते ऐकण्यासारखे आहे. कोकरू गेले की ते शिव्या देतात, पंचनामा करून वनविभागाकडे भरपाई मागतात, आणि तरीही वीण असलेल्या ओघळीच्या बाजूला हिवाळ्यात वाडा बसवत नाहीत.

काळविटांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण कोवळा हरभरा आणि ज्वारीचे कोंब ती सरसकट खातात आणि रात्रभर राखण करणाऱ्या शेतकऱ्याला अनुसूचीचे कौतुक सांगता येत नाही. माळावरचे गवत गेले तर आज अधूनमधून येणारा कळप कायमचा शिवारात येईल, हा आपला मुद्दा ग्रामसभेत उपयोगी पडला, परंतु माळालगतच्या शेतकऱ्यांचे नुकसान त्याने भरून येत नाही. त्यांच्या कुंपणासाठी काय करता येईल, यावर समितीत बोलणे चालू आहे. माळावर सलग समतल चर खणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावण्याचा जो जुना प्रस्ताव आहे, त्याविषयीही हरकत नोंदवली आहे. चर खणल्यावर गवताचे मुळासकट नुकसान होते आणि ग्लिरिसिडियाचा पाला शेळ्याही सहजासहजी तोंडात घेत नाहीत, हे मेंढपाळांचे निवेदन त्यासोबत जोडले आहे.

या सगळ्या काळात आपण आमच्याकडून झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत, हे समितीच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही, म्हणून येथे नमूद करतो. खासरा पत्रकाची प्रमाणित नक्कल ग्रामपंचायतीच्या दफ्तरी ठेवली आहे, तिची एक प्रत शाळेत आणि एक वस्तीवरील समाजमंदिरात दिली आहे. दुरुस्त झालेला सातबारा सोबत पाठवत आहोत. इतर अधिकाराच्या रकान्यातील नोंद आपण एकदा डोळ्याखालून घालावी, कारण त्यात गट क्रमांकापुढील पोटहिस्सा बरोबर पडला आहे की नाही, याविषयी आमच्यात दोन मते आहेत.

शेजारच्या दोन गावांतील मंडळी त्यांच्या गायरानाचे जुने कागद घेऊन आपणास भेटू इच्छितात. आपला पत्ता आम्ही अनुमतीशिवाय कोणाला दिलेला नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी त्यांना आणले तर चालेल का, आणि आपल्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर उर्दू अक्षर वाचण्याचा ताण आपणास झेपेल का, हे कृपया कळवावे. झेपणार नसेल तर समितीतील दोन मुली ते वाचायला शिकण्यास तयार आहेत. त्यांना कोणत्या दिवशी पाठवू, तेवढे सांगावे.

आपला कृतज्ञ,
सचिव, जैवविविधता व्यवस्थापन समिती
बालाघाटावरील एक गाव, जिल्हा बीड