आठवडे कुठून मोजले, हे घरच्यांनाही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर बाईने काय खावे, किती चालावे, कोणत्या कुशीवर झोपावे, याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत वरचेवर छापून येते. तिचे दिवस मोजतात कसे, याविषयी मात्र कुणी लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत आरोग्य सेविका म्हणून माझी सारी नोकरी झाली. या एका हिशेबाच्या अज्ञानापायी चांगल्या घरांत विष कालवले गेलेले मी पाहिले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी पोटात गर्भ नसतो. साधारण अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईच्या शरीरात स्त्रीबीज सुटते ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, आणि गर्भ राहतो तो त्यानंतर. म्हणजे कागदावरचे पहिले दोन आठवडे हे गर्भ राहण्याच्या आधीचेच असतात. पाळी चुकली म्हणून बाई तपासायला येते, तेव्हा खरा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो आणि कार्डावर चार आठवडे लिहिले जातात. असे का, तर गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे कुणालाच सांगता येत नाही. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, त्यामुळे नवरा-बायको कधी एकत्र आले यावरूनही तो दिवस ठरत नाही. पाळीची तारीख मात्र बाईला ठाऊक असते. म्हणून सगळ्या जगात तीच धरतात.

डॉक्टरांच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते की पेशंटला ते सांगायचेच राहून जाते. आणि घरचे लोक मोजायला बसतात.

आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस सैन्यात, अशी गावे आहेत. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले आहे. अशाच दुसऱ्या एका गावातली गोष्ट. मुलगा १ फेब्रुवारीला रजेवर आला आणि महिनाभर राहून गेला. २० मार्चला सुनेची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात लिहून आले, आठ आठवडे तीन दिवस. सासूबाई शाळा शिकलेल्या होत्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले, तर मुलगा येऊन सात आठवडेही झालेले नव्हते. तो कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, सून मागे दाराशी उभी. “सिस्टर, तुम्हीच बघा आता काय ते. माझं तर डोकं चालेना,” म्हणाल्या. मी म्हटले, “काकू, आधी हिला पाळी कधी आली होती ते विचारूया.” पोरीने लगेच सांगितले, संक्रांतीनंतर, २० जानेवारीला. शेजारच्या हळदीकुंकवाला जाता आले नव्हते म्हणून तारीख पक्की ध्यानात होती. भिंतीवरचे कॅलेंडर काढून आम्ही तिघींनी एकेक दिवस मोजला. २० जानेवारी ते २० मार्च, एकोणसाठ दिवस. आठ आठवडे तीन दिवस. रिपोर्ट अगदी बरोबर होता, सूनही बरोबर होती, आणि मुलगा आल्यावरच दिवस राहिले होते. त्यांच्या मनातले किल्मिष तिथेच गेले. पण ज्या घरातून कागद उपकेंद्रापर्यंत येत नाही, जिथे सासू गप्प राहते आणि मुलाला सीमेवर फोन करते, तिथे काय होत असेल?

नव्या नवरीचेही तेच. लग्नाला महिना झालेला आणि रिपोर्टात सहा आठवडे. लगेच कुजबुज सुरू होते. काही ठिकाणी ती मुलीच्या माहेरापर्यंत जाते, पुढे बाळ झाल्यावर तोंडवळा कुणाचा इथपर्यंत जाते. खरे तर लग्नानंतर लगेच दिवस राहिले, तर आठवडे लग्नाच्या आधीपासूनच मोजले जाणार. दुसरे काही होऊच शकत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी टेस्ट ट्यूब बेबीचे उदाहरण देत असे. तिथे स्त्रीबीज आणि पुरुषबीज कोणत्या दिवशी एकत्र आणले हे प्रयोगशाळेला माहीत असते. तरी डॉक्टर त्यात चौदा दिवस मिळवूनच आठवडे लिहितात, कारण मोजण्याची रीत सगळ्यांना एकच हवी.

बाळंतपणाची तारीख काढणे अवघड नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. वरच्या सुनेचे पाहा : २० जानेवारीचे नऊ महिने म्हणजे २० ऑक्टोबर, वर सात दिवस, २७ ऑक्टोबर. बरोबर २८० दिवस, चाळीस आठवडे. ही रीत हायडेलबर्गचे जर्मन डॉक्टर फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने दोनशे वर्षांपासून चालत आली आहे. आपल्याकडच्या आज्या-पणज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात, आणि पाळीपासून मोजले तर तेही दोन दिवसांच्या फरकाने तिथेच येते. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यात अडाणी ठरवायचे काही कारण नाही. चूक होते ती सुरुवात कुठून धरायची यात. शिवाय महिन्यांनी बोलताना ‘सातवा लागला’ आणि ‘सात पुरे झाले’ यांत अख्ख्या महिन्याची गल्लत होते. दवाखान्यात जाताना आठवडेच सांगावेत.

हा नियम अठ्ठावीस दिवसांची पाळी गृहीत धरतो. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला स्त्रीबीज आठवडाभर उशिरा सुटते, तिची तारीखही तेवढीच पुढे जायला हवी. पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा पाळी अनियमित करणारा विकार, असलेल्या मुलींची पाळी तर कधी दोन-दोन महिने येत नाही. आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस राहिले, तर तिच्याकडे सांगायला तारीखच नसते. अशा वेळी लवकर केलेल्या सोनोग्राफीला पर्याय नाही. चौदा आठवड्यांच्या आत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात. त्या काळात सगळे गर्भ जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून त्यावरून निघणारी तारीख पाच-सात दिवसांच्या फरकात बरोबर येते. पुढे तसे राहत नाही. कुणाचे बाळ अंगाने मोठे, कुणाचे लहान. शेवटच्या तीन महिन्यांत मापावरून तारीख काढली तर ती तीन आठवडेही चुकू शकते.

इथे मला कळकळीने एक सांगायचे आहे. बाईच्या पिशवीत तीन सोनोग्राफ्यांचे तीन रिपोर्ट असतात आणि तिन्हींवर वेगवेगळी तारीख. घरचे शेवटचा कागद खरा मानतात, कारण तो ताजा. ते धोक्याचे आहे. समजा सुरुवातीच्या हिशेबाने चौतीस आठवडे झाले आहेत आणि बाळाचे माप एकतीस आठवड्यांचे येते आहे. तारीख पुढे ढकलून मोकळे झाले, तर ते बाळ पोटात नीट वाढत नाही ही गोष्टच झाकली जाते. त्या बाळाला तपासणीची, कदाचित लवकर बाहेर काढण्याची गरज असते, आणि आपण ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरी बसतो. पहिल्या तीन महिन्यांत पाळी आणि सोनोग्राफी ताडून जी तारीख ठरली, ती शेवटपर्यंत बदलायची नाही. पुढचे रिपोर्ट बाळाची वाढ बघायला असतात.

ठरलेली तारीखसुद्धा अंदाजच असते. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरातली चार-पाच. सदतिसाव्या आठवड्यापासून पुढे कधीही कळा सुरू होऊ शकतात. तारीख उलटली म्हणून लगेच घाबरू नये, पण घरीही बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्री-अपरात्रीही निघावे. एक्केचाळीस आठवड्यांच्या सुमारास डॉक्टर पुढचे ठरवतात. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हे तर साफ खोटे आहे, पोटातला प्रत्येक वाढीव आठवडा बाळाच्या फायद्याचाच. याच कारणाने मुहूर्त बघून सिझेरियन करून घेणाऱ्यांचा मला राग येतो. वैद्यकीय कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत बाळ बाहेर काढले, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. चांगल्या नक्षत्रासाठी आपल्याच लेकराला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आणू नये.

सरकारकडे माझी मागणी छोटी आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि बाळंतपणाची तारीख यांसाठी रकाने आहेत. त्यांच्याच खाली ठळक मराठीत एक ओळ छापावी : ‘आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत; गर्भ त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी राहतो.’ सोनोग्राफी केंद्रांनीही हीच ओळ रिपोर्टावर घालावी. रिपोर्ट इंग्रजीत असतो, घरी गेल्यावर त्यातला आकडा तेवढा वाचला जातो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. त्या दिवशी सोबत सासू येते, कधी नवरा येतो. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, कॅलेंडर दाखवून हा हिशेब सांगावा. पाच मिनिटे पुरतात.

आणि मुलींना एवढेच सांगणे, की पाळीची तारीख दर महिन्याला मोबाइलवर नाहीतर घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आई, सासू, आशाताई, डॉक्टर, कुणीही विचारले तर ती तुमच्या हाताशी असू द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
जि. सातारा