उगवण झाली म्हणजे पाणी निर्धोक नव्हे

माननीय संपादक महोदय,

प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला देण्याचा विचार रास्त आहे. मात्र त्या पाण्यातील औषधांच्या अवशेषांची दखल घेतली जात नाही, ही चिंतेची बाब आहे. आपण घेतलेल्या अनेक औषधांचा काही अंश शरीरातून मूळ रूपातच बाहेर पडतो आणि नेहमीची प्रक्रिया केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण काढण्यासाठी उभारलेली असल्याने कार्बामाझेपिनसारखे अपस्मारावरील औषध त्यांतून फारसे न घटता पुढे जाते, मुळांवाटे पिकात शिरते आणि पानांत साचते.

या अवशेषांत जिवाणूंवरील औषधे, म्हणजे प्रतिजैविकेही असतात; ती झाडांना का बाधावीत, असे कोणी विचारील. वनस्पतींच्या पेशींतील हरितलवके, म्हणजे सूर्यप्रकाशात अन्न तयार करणारे हिरवे कण, प्राचीन सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंपासून उत्क्रांत झालेली असून त्यांची प्रथिने घडवणारी यंत्रणा आजही जिवाणूंसारखीच आहे. त्यामुळे टेट्रासायक्लिन तेथील प्रथिननिर्मिती अडवते, सिप्रोफ्लॉक्सासिन हरितलवकांतील डीएनएची प्रत तयार होऊ देत नाही आणि सल्फा गटातील औषधे वनस्पतीला आवश्यक असलेल्या फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वाची निर्मिती रोखतात. मात्रा पुरेशी असेल तर मुळे खुंटतात, पाने फिकट पडतात. प्रयोगांतील मात्रा बहुधा प्रत्यक्ष पाण्यातील प्रमाणाहून बरीच जास्त असते, हे मान्य. परंतु शेताला तेच पाणी हंगामामागून हंगाम मिळते आणि त्यात एक नव्हे, अनेक औषधे एकत्र असतात.

माझा खरा आक्षेप तपासणीवर आहे. बी रुजले की पाणी चांगले, हा समज चुकीचा आहे, कारण रुजताना बी स्वतःत साठवलेल्या अन्नावर जगते; उगवणीचे प्रमाण कायम असतानाही मुळांची लांबी घटलेली आढळते. म्हणून मुळांची वाढ आणि पानांतील हरितद्रव्य मोजलेच पाहिजे. लेम्ना या पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्याशा वनस्पतीवरील सात दिवसांची प्रमाणित चाचणी उपलब्ध आहे. ती सिंचनासाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्याला लागू करण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या नागरी सांडपाणीविषयक निर्देशात असे सूक्ष्म प्रदूषक काढण्याच्या अतिरिक्त प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. हे तत्त्व न्याय्य आहे आणि जेथे सांडपाणी पिकांना दिले जाते, तेथे ते सर्वप्रथम अमलात आणावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक